मध्यम आकाराच्या सेडानची देखभाल आणि नेहमीच्या तक्रारी: बेळगाव सीमाभागातील वाहनधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी आणि अथणी या पट्ट्यात होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, मारुती सियाझ, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस किंवा त्यांच्या बरोबरीची सेडान वापरणाऱ्या मराठी वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. प्रत्येक गाडीची मापे वेगळी असतात. त्यामुळे येथे दिलेला आकडा आणि तुमच्या गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेतील आकडा यांत फरक आढळला, तर पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असे लिहिले आहे. सर्व्हिसिंग तेवढ्याच अंतराने करावे का?

या दोहोंपैकी जे आधी येईल ते पाळावे, हा मूळ नियम आहे. महिन्यातून दोनदाच बाहेर निघणाऱ्या गाडीचे ऑइलही वर्षभरात बदललेच पाहिजे. परंतु बहुतेक पुस्तिकांमध्ये याच तक्त्याच्या मागे-पुढे कठीण परिस्थितीतील वापरासाठी आणखी एक तक्ता दिलेला असतो आणि तो सहसा कोणी वाचत नाही. सतत धूळ, घाटातील चढ-उतार, इंजिन पुरते तापण्याआधीच संपणारे छोटे प्रवास, गर्दीतील थांबत-थांबत चालणे आणि उन्हाळ्यातील तीव्र उष्णता, या गोष्टी त्या तक्त्यात मोडतात. आपल्या भागातील बऱ्याच गाड्या यांपैकी किमान दोन गोष्टी रोज सोसतात, म्हणून आपल्यासाठी तो दुसरा तक्ताच खरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय आपला प्रदेश एकसारखा नाही. पश्चिमेला खानापूर, कणकुंबी, जांबोटी येथे पाऊस महिनोन्महिने हटत नाही. मधून पुणे-बेंगळूरु महामार्ग जातो, जेथे गाडी तासन्तास एका वेगाने धावते. पूर्वेला अथणीकडे पाऊस कमी, ऊन कडक आणि काळ्या मातीची धूळ भरपूर असते. खानापूरच्या गाडीला गंज, ओलावा आणि ब्रेक यांची काळजी अधिक घ्यावी लागते, तर अथणीच्या गाडीला एअर फिल्टर, कुलंट आणि बॅटरी यांची. एकच मॉडेल, एकच वर्ष, तरीही दोघांची गरज वेगळी असते. धुळीच्या भागात एअर फिल्टर दर ५,००० किलोमीटरला उघडून पाहावा, आणि कठीण वापर असेल तर ऑइल १०,००० ऐवजी ५,००० ते ७,५०० किलोमीटरला बदलावे.

कोणते ऑइल टाकावे? ऑइल काळे पडले म्हणजे खराब झाले का?

ऑइलचा दाटपणा पुस्तिकेत दिलेला असतो. अलीकडच्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० यांसारखी पातळ ऑइल लागतात, आणि त्यासोबत एपीआय, एसीईए (ऑइलच्या दर्जाची अनुक्रमे अमेरिकी आणि युरोपीय मानके) किंवा कंपनीचे स्वतःचे प्रमाणही सांगितलेले असते. दाटपणा आणि प्रमाण या दोन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. ‘आपल्याकडे ऊन जास्त, म्हणून जाड ऑइल टाका’ हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. आजच्या इंजिनातील बारीक वाटांमधून आणि व्हॉल्व्हच्या वेळा बदलणाऱ्या यंत्रणेतून जाड ऑइल वेळेवर पोहोचत नाही.

ऑइल काळे होणे हे ते आपले काम करत असल्याचे लक्षण आहे, कारण काजळी धरून ठेवणे हेही त्याचे एक काम असते. रंगापेक्षा पातळी महत्त्वाची आहे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी ऑइल मोजण्याची दांडी बाहेर काढावी, पुसून पुन्हा घालावी आणि मग पाहावी. दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. टर्बो इंजिने थोडे ऑइल खातात, म्हणून महिन्यातून एकदा पातळी पाहणे आवश्यक आहे.

पातळी वाढलेली दिसली आणि दांडीला पेट्रोलचा वास आला, तर ते वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल शिल्लक आहे म्हणून चांगले, असे समजू नये. घर ते दुकान अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन तापत नाही, न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि तेथेच राहते. आठवड्यातून एकदा अर्धा तास महामार्गावर गाडी चालवल्याने ते बरेचसे उडून जाते. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस दिसतो, तोही बहुधा याच ओलाव्याचा असतो. मात्र फेसासोबत कुलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनचा वरचा भाग आणि सिलिंडर यांच्यामधील सीलची) तपासणी विनाविलंब करून घ्यावी.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ॲव्हरेज कमी झाले आहे. इंजिन खराब होईल का?

ज्या भागातील ऊस कारखान्यांत जाऊन त्याचे इथेनॉल होते, त्याच भागात हा प्रश्न सर्वाधिक विचारला जावा, यात नवल नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज काही प्रमाणात घटणारच. मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ही घट ६ ते ७ टक्के असू शकते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यात दिलेला आहे. याहून मोठी घट दिसत असेल, तर दोष केवळ इंधनाला देऊ नये. टायरमधील हवा, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि अडकून चालणारे ब्रेक यांची तपासणी करावी.

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे इंधनाशी संबंध येणारे भाग या मिश्रणाला टिकतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीसाठी इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस काय लिहिले आहे ते पाहावे आणि कंपनीकडे विचारणा करावी. जुन्या गाडीत रबरी नळ्या, ओ-रिंग आणि इंधन पंप यांवर लक्ष ठेवावे. बॉनेटजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला, तर गाडी चालवू नये.

इथेनॉल पाणी शोषते. टाकीत पुरेसे पाणी गेले, तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात आणि इंजिन झटके देऊ लागते. म्हणून पावसाळ्यात टाकी अर्ध्यापेक्षा रिकामी ठेवून गाडी दीर्घकाळ उभी करू नये.

पावसाळ्यापूर्वी काय पाहून घ्यावे?

मे महिन्याच्या अखेरीपर्यंत वायपरची रबरे, टायरची नक्षी, ब्रेक पॅड, सर्व दिवे आणि दारांची रबरे पाहून घ्यावीत. याखेरीज एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. समोरच्या काचेखाली, बॉनेटच्या मागच्या कडेला पाणी वाहून जाण्याची पन्हळ असते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पाल्याने भरते, पाणी तुंबते आणि केबिनमध्ये किंवा वायरिंगच्या जोडांमध्ये शिरते. सनरूफ असेल, तर त्याच्या चारही कोपऱ्यांतील निचऱ्याच्या नळ्याही मोकळ्या असल्याची खात्री करावी. खानापूर बाजूच्या गाड्यांनी तळाला गंजरोधक थर द्यायचा असेल, तर तो तळ पूर्ण धुऊन आणि वाळवूनच द्यावा. चिखलावर दिलेला थर गंज आतच झाकून ठेवतो.

रस्त्यावर पाणी असताना गाडी घालावी का? गाडी पाण्यात बंद पडली तर काय करावे?

वाहते पाणी असेल, तर घालू नये. कल्लोळ-येडूर, भोज-कारदगा, मलिकवाड-दत्तवाड यांसारखे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात, हे आपल्याला नवीन नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये तर निपाणी आणि कोल्हापूर यांच्या दरम्यानचा महामार्गही पुराच्या पाण्यामुळे बंद झाला होता. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणीसुद्धा लहान गाडी बाजूला ढकलू शकते, आणि बंधाऱ्याला कठडा नसतो. वळसा कितीही लांबचा असला तरी तो घ्यावा.

साचलेले पाणी चाकाच्या मध्यबिंदूपेक्षा खाली असेल आणि तळ माहीत असेल, तरच पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, संथ आणि एकसारख्या वेगाने जावे. समोरून ट्रक येत असेल, तर तो जाईपर्यंत थांबावे, कारण त्याच्या चाकांनी उठलेली लाट आपल्या बॉनेटपर्यंत येते.

इंजिन पाण्यातच बंद पडले, तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल, तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेल्या गाडीचा खर्च बहुधा ऑइल, फिल्टर, प्लग बदलणे आणि साफसफाई एवढ्यावर भागतो, पण एकदा स्टार्टर मारल्यामुळे तोच खर्च इंजिन उघडण्यापर्यंत जातो. म्हणून किल्ली किंवा बटण सोडून द्यावे, माणसांना सुरक्षित जागी न्यावे, पाणी ओसरल्यावर बॅटरीची ऋण वायर काढावी, छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी उचलून न्यावी. ऑटोमॅटिक गाडी पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढू नये.

विम्याबाबत एवढे लक्षात ठेवावे की पाणी शिरल्यावर इंजिन चालू केल्यामुळे झालेले नुकसान साध्या सर्वंकष पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कव्हर घ्यावे लागते. नदीकाठच्या गावांतील वाहनधारकांनी ते घ्यावेच, असे मी आग्रहाने सांगेन.

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना ब्रेकचा जळका वास येतो आणि पेडल मऊ लागते. हे धोक्याचे आहे का?

होय, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि गोव्यात उतरताना ही बहुतेक उंची थोड्याच अंतरात संपते. गाडी पाचव्या गिअरमध्ये किंवा ‘डी’मध्ये ठेवून केवळ पेडलवर उतरवली, तर ती सारी ऊर्जा पॅड आणि डिस्क यांत उष्णता होऊन साठते. पॅडची पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल जुने असेल तर ते उकळून त्यात बुडबुडे तयार होतात. पेडल मऊ लागते ते याच बुडबुड्यांमुळे, कारण वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही.

डॉट ४ प्रकारच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी शोषलेल्या अवस्थेसाठी तोच निकष १५५ अंशांचा आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा सतत शोषत असते आणि आपल्या पश्चिम भागातील पावसाळा त्याला भरपूर ओलावा पुरवतो. म्हणून किलोमीटर कितीही झालेले असोत, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे ही चैन नव्हे. सर्व्हिसिंगच्या बिलात हा खर्च नको म्हणून अनेक जण तो पुढे ढकलतात, आणि मला यापेक्षा चुकीची काटकसर दुसरी दिसत नाही.

उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवावा. सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) ‘एल’ किंवा ‘एस’, आणि ड्युअल क्लचमध्ये (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये) मॅन्युअल मोड वापरावा. ब्रेक हलका धरून ठेवण्यापेक्षा ठामपणे दाबून सोडावा, म्हणजे मधल्या वेळेत डिस्क थंड होते. वास आलाच, तर सपाट आणि सुरक्षित जागी थांबावे, हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवून चाकामागे दगड लावावा आणि डिस्कवर पाणी ओतू नये, कारण तापलेली डिस्क त्याने वाकडी होते. त्यानंतर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू लागले, तर डिस्क वाकल्याची शंका घ्यावी.

पावसाळ्यात सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला की घासल्याचा आवाज येतो. पॅड बदलावेत का?

रात्रभर ओल्या हवेत उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो निघून जातो. आवाज तेवढ्यात थांबत असेल, तर काळजीचे कारण नाही. दिवसभर बारीक किंकाळीसारखा आवाज येत राहिला, किंवा लोखंडावर लोखंड घासल्यासारखे वाटले, तर पॅड तीन मिलिमीटरपेक्षा कमी उरले आहेत का ते पाहून बदलावेत. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, तीही मोजायला सांगावी.

गाडी गरम होते. केवळ पाणी टाकून चालेल का?

वाटेत अडकलेले असताना घरी पोहोचण्यापुरते चालेल, कायमचे चालणार नाही. पूर्व भागातील बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि त्याचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण, किंवा कंपनीने दिलेले तयार कुलंट वापरावे. गुलाबी, हिरवे आणि निळे कुलंट रंग पाहून एकमेकांत मिसळू नये, कारण रंगापेक्षा आतील रसायने वेगळी असण्याचा प्रश्न असतो.

गळीत हंगामात आपल्याकडे एक वेगळे कारण आढळते. उसाच्या ट्रॉल्यांमागून चालताना पाचटाचे तुकडे आणि धूळ पुढच्या जाळीतून आत जाऊन एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये अडकतात. महामार्गावर काटा ठीक राहतो आणि गर्दीत किंवा घाटात मात्र वर चढतो, असे होत असेल तर हा अडथळा आणि पंखा यांची तपासणी आधी करावी. साफ करताना जोरदार दाबाचे पाणी मारू नये, त्याने पत्र्याच्या नाजूक पात्या वाकतात.

काटा लाल भागाकडे गेला, तर एसी बंद करावा, थांबावे, इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास झाकण उघडू नये. दाबाखालील गरम कुलंट तोंडावर उडून गंभीर भाजते.

एसी कमी थंड करतो. दरवर्षी गॅस भरावा लागतो का?

गॅस हा संपणारा पदार्थ नाही. तो बंद चक्रात फिरतो. दरवर्षी भरावा लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. आधी केबिन फिल्टर पाहावा. धुळीच्या रस्त्यावर तो एका हंगामात चिकटून बसतो आणि हवेचा जोर निम्म्यावर येतो. तो बहुधा ग्लव्ह बॉक्समागे असतो आणि घरच्या घरी बदलता येतो. डाव्या सीटच्या पायाखाली पाणी साचत असेल, तर एसीच्या निचऱ्याची नळी तुंबलेली असण्याची शक्यता अधिक आहे. आणि पावसात काच आतून धुरकट होते, तेव्हा एसी चालू ठेवून बाहेरची हवा आत घ्यावी आणि तिचा रोख काचेकडे करावा.

बॅटरी किती वर्षे चालते? अचानक बंद पडते ती का?

साधारण तीन ते चार वर्षे. थंडीत गाडी सुरू होत नाही म्हणून आपण हिवाळ्याला दोष देतो, पण बॅटरीचे आयुष्य मुख्यतः उन्हाळ्यातील उष्णतेने घटते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाब असावा. तो १२.२ दाखवत असेल, तर चार्ज जवळपास निम्मा उरलेला असतो. इंजिन चालू असताना तो १४च्या आसपास दिसायला हवा. नवीन बॅटरी टाकूनही दोन-तीन दिवसांत उतरत असेल, तर बाहेरून जोडलेला कॅमेरा, स्पीकर किंवा ट्रॅकर गाडी बंद असतानाही वीज ओढत आहे का ते शोधावे.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच बॅटरी लागते. तिच्या जागी स्वस्त साधी बॅटरी बसवली, तर ती लवकर संपते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना आधी धन टोके लाल वायरने जोडावीत, मग काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला लावावे.

डॅशबोर्डवरील कोणता दिवा लागला असता थांबावे?

लाल दिवा म्हणजे थांबणे. त्यातही ऑइलच्या डब्याचे लाल चिन्ह दिसले, तर पुढच्या गावापर्यंतही जाऊ नये. ऑइलचा दाब नसताना काही मिनिटांत बेअरिंगे जातात. पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. तोच दिवा लुकलुकत असेल, तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापवून निकामी करते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून, कडेला घेऊन थांबणेच योग्य.

ओबीडी यंत्राने (गाडीच्या संगणकातील दोष वाचणाऱ्या उपकरणाने) दाखवलेला कोड दोषाची जागा सुचवतो, बदलायचा भाग सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सरच खराब आहे असे नसते. फाटलेली हवेची नळीही तोच कोड आणते. कोड पाहून लगेच भाग बदलायला सांगणाऱ्याला ‘हाच भाग खराब आहे हे कशावरून?’ असे विचारण्यात संकोच करू नये.

ऑटोमॅटिक गाडी गर्दीत झटके देते. गिअरबॉक्स बिघडला का?

गिअरबॉक्स कोणता आहे यावर उत्तर अवलंबून आहे. कोरड्या ड्युअल क्लचमध्ये कमी वेगाला थोडा झटका जाणवणे हा त्या रचनेचा भाग आहे. मात्र चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, तर क्लच झपाट्याने तापतो आणि झिजतो. बाजारपेठेतील गर्दीत थोडे अंतर मोकळे सोडून, मग ते सलग पार करून पुढे घ्यावे. इंच-इंच सरकू नये. सीव्हीटीमध्ये झटका, घसरण किंवा कुईं असा आवाज आला, तर त्याचे ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रकारचेच आणि वेळेवर बदलले आहे का ते पाहावे. हे ऑइल आयुष्यभर चालते, असे कोणी सांगितले तरी घाटातील वापरात त्यावर विसंबू नये.

जुनी बीएस ६ डिझेल सेडान घेतली आहे. डीपीएफचा दिवा वारंवार लागतो.

मध्यम सेडानमध्ये नवे डिझेल आता जवळपास मिळत नाही, त्यामुळे हा प्रश्न जुन्या गाड्यांचाच आहे. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातील काजळी अडवणारा फिल्टर. काजळी या फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळण्यासाठी त्याचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जावे लागते. गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीत ते घडत नाही. दिवा लागताच बेळगावहून संकेश्वरपर्यंत एका वेगाने, इंजिनचे फेरे थोडे वरचे ठेवून जाऊन यावे. बहुतेक वेळा दिवा विझतो. फिल्टर कापून काढणे बेकायदा आहे.

टायरबाबत नेमके काय पाहावे?

हवा किती भरायची हे चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर लिहिलेले असते, टायरवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. हवा थंड टायरमध्ये मोजावी. दुपारी अथणीहून आल्यावर तीन-चार पीएसआय जास्त दिसते म्हणून ती काढू नये. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण आपल्या पावसात तीन मिलिमीटरखाली गेलेला टायर पाण्यावर तरंगू लागतो. टायरच्या बाजूवरील चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘३२२३’ म्हणजे २०२३चा ३२वा आठवडा. खड्ड्याने बाजूला फुगवटा आला, तर तो टायर लगेच बदलावा. स्टेपनीतील हवा पाहायला विसरू नये.

खराब रस्त्यावर पुढून खडखड आवाज येतो.

लहान खड्ड्यांवर खडखड होत असेल, तर स्टॅबिलायझरची लिंक बहुधा सैल झालेली असते, आणि ती बदलणे स्वस्तातले काम आहे. ब्रेक लावताना किंवा गिअर टाकताना ‘ठक्’ आवाज आला, तर खालच्या आर्मचे बुश पाहावेत. स्टिअरिंग वळवताना वरून आवाज आला, तर शॉकॲब्सॉर्बरचे वरचे माउंटिंग. कोणताही भाग बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी.

उंदीर वायरी कुरतडतात. तंबाखूची पाने ठेवावीत का?

निपाणी भागात हा उपाय घरोघरी चालतो आणि काहींना त्याचा उपयोगही होतो, पण वास उतरला की परिणाम संपतो. सुटी पाने इंजिनवर कधीही टाकू नयेत. ती एक्झॉस्टजवळ जाऊन पेट घेऊ शकतात. सुती पुरचुंडीत बांधून, गरम भागांपासून आणि फिरणाऱ्या पट्ट्यांपासून दूर, घट्ट अडकवावीत आणि दर पंधरवड्याला बदलावीत. यापेक्षा उपयोगाच्या गोष्टी म्हणजे धान्याच्या कोठीजवळ गाडी उभी न करणे, तळाला बारीक जाळी लावून घेणे आणि गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त एका जागी न ठेवणे.

महाराष्ट्र पासिंगची गाडी बेळगावात वापरता येते का? कोल्हापुरात सर्व्हिसिंग केले तर वॉरंटी राहते का?

नातेवाईक सीमेच्या दोन्ही बाजूंना असल्याने हा प्रश्न आपल्याकडे नेहमीचा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवल्यास तेथे नवी नोंदणी करावी लागते. ये-जा करणाऱ्या गाडीला ती लागत नाही, पण मुक्कामाची गाडी असेल, तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन आपल्या हद्दीतील कार्यालयात (उदाहरणार्थ बेळगाव केए-२२, चिकोडी केए-२३, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९) नोंदणी करावी. बीएस ४ आणि बीएस ६ गाडीचे पीयूसी एक वर्ष चालते.

वॉरंटीसाठी अधिकृत केंद्र कोणत्या राज्यात आहे याला महत्त्व नाही. नोंद कंपनीच्या प्रणालीत झाली पाहिजे. बाहेरच्या कुशल मेकॅनिककडे काम करून घेण्यात गैर काही नाही, पण वॉरंटी असेपर्यंत ऑइलचा प्रकार, भागांचे क्रमांक आणि किलोमीटर लिहिलेले पक्के बिल जपून ठेवावे.

जॉब कार्ड कन्नड किंवा इंग्रजीत असते आणि घाईत सही केली जाते. आपली तक्रार आधीच कागदावर मराठीत लिहून न्यावी: आवाज कोणत्या बाजूने, किती वेगाला, इंजिन थंड असताना की गरम, वळताना की ब्रेक लावताना. ती सल्लागाराला वाचून दाखवावी, त्याने कार्डवर काय लिहिले ते वाचून घ्यावे आणि शक्य असल्यास मेकॅनिकला सोबत घेऊन एक फेरी मारावी. बदललेले जुने भाग डिकीत ठेवायला सांगावेत आणि गाडी ताब्यात घेण्याआधी ते पाहावेत.